‘आजाराचे जनुक’ म्हणावे का?

‘एमसीओएलएन१ हे म्यूकोलिपिडोसिसच्या चौथ्या प्रकाराचे जनुक आहे’ हे वाक्य मराठीत चालेल का, अशी पृच्छा आली आहे. (म्यूकोलिपिडोसिस हा पेशींत नको ते पदार्थ साचत जाणाऱ्या आनुवंशिक आजारांचा गट आहे.) व्याकरणाच्या दृष्टीने ते निर्दोष आहे; अडचण त्यातील षष्ठीची आहे. ‘खोकल्याचे औषध’ खोकला घालवते आणि ‘झोपेची गोळी’ झोप आणते. प्रत्यय तोच असूनही आपला घोटाळा होत नाही, कारण त्या वस्तू कशासाठी असतात हे आपल्याला आधीच ठाऊक असते. जनुकाबाबत बहुतेक वाचकांना ते ठाऊक नसते, त्यामुळे ‘आजाराचे जनुक’ म्हणताच ते फक्त रुग्णांत असते आणि आजार आणणे हेच त्याचे काम, असा समज होतो.

वस्तुतः हे जनुक तुमच्याआमच्या सर्वांच्या एकोणिसाव्या गुणसूत्रावर असते. त्याच्या आधारे म्यूकोलिपिन-१ हे प्रथिन तयार होते. त्याचे चार रेणू एकत्र येऊन लयकारिकेच्या (पेशीतील टाकाऊ पदार्थांचे विघटन करणाऱ्या पिशवीच्या, म्हणजे लायसोसोमच्या) पटलात आयनांसाठी (विद्युतभारित कणांसाठी) वाट तयार करतात आणि तिच्यातून कॅल्शियमचे, तसेच लोहाचेही आयन पेशीद्रवात येतात. जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या, तर लयकारिकांत मेदासारखे पदार्थ साचत जातात, मुलाचे चालणे-बोलणे मागे पडते, डोळ्याचे पारपटल धुरकट होते आणि जठरात आम्ल तयार होत नाही. एकच प्रत बिघडलेली असलेली व्यक्ती मात्र वाहक असते, रुग्ण नव्हे.

या गोंधळाला शास्त्रज्ञांचाही हातभार आहे. आजाराचे वर्णन १९७४ साली झाले, जनुक २००० साली हाती लागले आणि प्रथिनाला नाव मिळाले ते आजारावरून; नळाला गळतीवरून नाव द्यावे, तसेच हे. ती नावे आता बदलणार नाहीत, पण आपले वाक्य बदलता येते: ‘एमसीओएलएन१ या जनुकातील बिघाडामुळे म्यूकोलिपिडोसिसचा चौथा प्रकार होतो.’ येथे ‘बिघाड’ हा शब्द मला नुसत्या ‘उत्परिवर्तना’पेक्षा (जनुकातील बदलापेक्षा) बरा वाटतो, कारण प्रत्येक उत्परिवर्तन अपायकारक नसते.

‘चौथा प्रकार’ ऐवजी ‘चौथा टप्पा’ असेही काही जण लिहितात. ते चूक आहे. कर्करोगाच्या टप्प्यांप्रमाणे हे आकडे तीव्रता सांगत नाहीत. म्यूकोलिपिडोसिसचा दुसरा प्रकार तिसऱ्यापेक्षा अधिक तीव्र असतो, आणि त्या दोन्हींचे मूळ एमसीओएलएन१मध्ये नसून लयकारिकेकडे विकर (एन्झाइम) पोहोचवणाऱ्या व्यवस्थेतील बिघाडात आहे.