गोधडीला चुण्या का पडतात?

प्रश्न : आईच्या सुती साड्यांची गोधडी घरच्या मशीनवर शिवते आहे. वरच्या कापडाला चुण्या पडतात, मधूनच सुई मोडते. काय करावं?

उत्तर : मशीनचे दाते तळाचं कापड पुढे नेतात, वरचं मात्र फूटखाली (सुईजवळ कापड दाबून धरणाऱ्या पायाखाली) अडून मागे राहतं. थर असे सरकले की चुणी पडलीच. साड्या धुऊन, इस्त्री करून जमिनीवर ताठ पसरा आणि वीतभर अंतरावर कच्चे टाके घाला. कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका. फूटचा दाब थोडा कमी करा. वॉकिंग फूट, म्हणजे वरचं कापडही सोबत पुढे नेणारा फूट, मिळाला तर फारच छान. टाका ३ ते ३.५ मिमी ठेवा. पहिली शिलाई मधोमध, मग कडांकडे.

सुई मोडते ती बहुधा वजनामुळे. टेबलाखाली लोंबणारी गोधडी कापड खेचते, सुई वाकते आणि खालच्या पट्टीवर आपटते. डावीकडे दुसरं टेबल लावा, उजवीकडचा भाग गुंडाळून मशीनच्या वरच्या आडव्या दांड्याखाली घ्या. कापड मागून ओढू नका. सुई १६ नंबरची घ्या. जरीचे जाड काठ आधीच उसवून काढा, आणि घरच्या मशीनला तीन-चार थर पुरे.