घाटात पॅडल शिफ्टरने गिअर नेमका कधी बदलायचा?

तुम्ही रत्नागिरीत राहता, फोक्सवॅगनची व्हर्टस जीटी घेतली आहे, 1.5 टीएसआय डीएसजी, म्हणजे दीड लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन आणि दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. आंबा घाटातून कोल्हापूरला वरचेवर जाणं होतं. 'डी'मध्ये, म्हणजे पूर्ण ऑटोमॅटिकवर ठेवली की ऐन वळणावर गाडी वरच्या गिअरमध्ये जाऊन बसते, आणि मॅन्युअलमध्ये घेऊन स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर बदलायचा म्हटलं की किती आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांना) बदलायचं ते कळत नाही. व्हिडिओत तर सगळे रेडलाइनपर्यंत, आरपीएमच्या काट्यावरच्या लाल पट्ट्यापर्यंत ताणतात, तसंच करायचं का, असं तुम्ही विचारलंय.

मी चिपळूणचा. कुंभार्ली घाटात गाडी शिकलो आणि अजूनही महिन्यातून तीन-चार वेळा कराडला जातो. तुमच्याच गाडीपुरतं सांगायचं तर घाट चढताना काटा 2000 ते 4500 च्या दरम्यान खेळेल असा गिअर ठेवा. ओव्हरटेकला सगळा जोर हवा असेल तर 6000 पर्यंत न्या. त्याच्या पुढे नेऊन हाती काही लागत नाही.

का, ते एकदा समजून घेतलंत की आकडे पाठ करावे लागणार नाहीत. या इंजिनाचा 250 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, 1600 ते 3500 आरपीएमला मिळतो. 150 पीएस ताकद 5000 ते 6000 ला. म्हणजे 3500 नंतर टॉर्क उतरायला लागतो, आणि हिशेब केला तर 6000 ला तो 175 च्या आसपासच उरतो. आता दुसरा गिअर तिसऱ्यापेक्षा चाकांना साधारण दीडपट जोर देतो. 175 ची दीडपट 262. त्या क्षणी तिसरा टाकलात तर काटा एक तृतीयांश खाली, 4000 वर येतो, आणि तिथे टॉर्क अजून 250 च्या थोडाच खाली असतो. म्हणजे 6000 ला दोन्ही गिअर जवळजवळ बरोबरीत आले. आणखी ताणलं तर आवाज वाढेल, ओढ वाढणार नाही. गिअर बदलण्याचं सगळं गणित एवढंच आहे: बदलल्यावर काटा कुठे जाऊन पडतो ते बघायचं. जिथे पडेल तिथे इंजिनात दम असला पाहिजे.

प्रत्येक गाडीला हा आकडा लागू नाही. माझी पहिली गाडी जुन्या आकाराची होंडा सिटी व्हीटेक होती. टर्बो नाही, त्यामुळे खाली जीव कमी आणि वर गेली की गाणं म्हणायची. ती खरोखर वरपर्यंत न्यावी लागायची. ती सवय घेऊन टर्बो गाडीत बसलो तेव्हा पहिले काही महिने मी उगाचच इंजिन पिळत होतो.

पण घाटात वर कधी न्यायचा यापेक्षा खाली कधी आणायचा हे जास्त महत्त्वाचं, आणि तुमची खरी अडचणही तीच आहे. 'डी'मधल्या गाडीला पुढचं वळण दिसत नाही. तुम्ही पाय काढलात की तिला वाटतं आता निवांत जायचंय, ती वरचा गिअर टाकते. वळणातून बाहेर पडताना तुम्ही पाय दाबता, ती क्षणभर विचार करते आणि मग धसकन खाली येते. तुम्हाला वळण दिसतंय, म्हणून गिअर तुम्ही आधी ठरवायचा. सरळ रस्त्यावरच ब्रेक, सरळ रस्त्यावरच डावा पॅडल (खालच्या गिअरचा), मग स्टिअरिंग. वळण निम्मं झालं की ॲक्सिलरेटरवर हलका पाय.

हे मी चुकून शिकलो. जूनचा पहिला पाऊस, पोफळीच्या वरचं एक डावं वळण, डोंगरावरून तांबडी माती रस्त्यावर वाहून आलेली. सिटीला तिसऱ्यात दम नव्हता म्हणून वळणाच्या मध्यावर दुसरा टाकला आणि क्लच पटकन सोडला. पुढची चाकं वळतही होती आणि इंजिन त्यांनाच मागे खेचत होतं. स्टिअरिंग एकदम हलकं झालं, हातात काहीच नसल्यासारखं, आणि गाडी सरळ समोरच्या लेनमध्ये सरकली. समोरून कुणी नव्हतं. डीएसजी खालचा गिअर घेताना स्वतः आरपीएम जुळवून घेते, तुमचा धक्का इतका मोठा नसेल, पण ओल्या रस्त्यावर तेवढाही नको.

उतरताना जुन्या चालकांचा नियम अजून खरा आहे: ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा. माझे काका एसटीत होते. शेजारी बसून म्हणायचे, "काट्याकडं काय बघतोस रे, कान दे. इंजिन धरून ठेवतंय का सोडून देतंय, ते ऐक." तुमच्या छोट्या पेट्रोल इंजिनाला धरून ठेवायला 3000 ते 4000 आरपीएम लागतात, म्हणजे बहुतेक दुसरा गिअर. आवाज ऐकून पेट्रोल जळतंय असं वाटेल, पण जळत नाही. गिअरमध्ये असताना पाय पूर्ण काढला की इंधन बंदच होतं. ब्रेक मात्र थंड राहतात.

तुमच्या गिअरबॉक्सच्या दोन गोष्टी. एक, त्यात दोन क्लच आहेत, एकावर 1-3-5-7, दुसऱ्यावर 2-4-6. शेजारचा गिअर झटकन मिळतो, पण चौथ्यावरून थेट दुसरा मागितलात तर दोन्ही एकाच क्लचवर असल्यामुळे वेळ जातो. म्हणून आधी तिसरा, ब्रेक लागत असतानाच मग दुसरा. दोन, हे क्लच कोरडे आहेत, तापतात. चिरे भरलेला ट्रक पुढे रांगत असेल तर त्याच्या मागे इंच-इंच सरकू नका. अंतर पडू द्या, थांबा, मग एका दमात पुढे जा. आणि चढावर गाडी ब्रेकने धरा, ॲक्सिलरेटरने कधीच नाही. मला विचाराल तर ही गाडी जपायची असेल तर पॅडलच्या सगळ्या कौशल्यापेक्षा ही एक सवय आधी लावा.

'डी'मध्ये असताना पॅडल ओढलात तर गाडी थोडा वेळच तुमचं ऐकते आणि परत स्वतःचं सुरू करते. घाटात लिव्हरनेच मॅन्युअलमध्ये घ्या. मर्यादेपाशी ती स्वतः वर जाईल आणि झेपणार नाही असा खालचा गिअर घेणारच नाही, त्यामुळे इंजिनाची भीती नको. गाडी अगदी नवी असेल तर पहिले हजार-दीड हजार किलोमीटर वर ताणू नका. थंड इंजिनावर तर कधीच नाही.

सराव आरे-वारेच्या रस्त्यावर करा, तुमच्या घराजवळ आहे. आडवारी सकाळी, पर्यटक उठायच्या आत. गाणी बंद, काच खाली. फक्त दुसरा आणि तिसरा, वेग नेहमीचाच. 1500 च्या खाली तिसऱ्यात पाय दाबलात की गाडी गुदमरल्यासारखी घुमते. 2000 च्या पुढे तो घुमा आवाज जातो आणि पाठीला सीट लागते. हा फरक काट्याशिवाय ओळखता यायला लागला की मग आंबा घाटात जा. तोही पाऊस सरल्यावर, नवरात्राच्या सुमाराला, साखरप्याच्या बाजूने चढत.