विद्यापीठात मूडल (ऑनलाइन शिकवायचं, परीक्षा घ्यायचं सॉफ्टवेअर), ऑनलाइन तास आणि परीक्षा विभागाचं सॉफ्टवेअर एकत्र कसं जोडावं? सुरुवात कुठून करावी?

मी बेळगावातल्या एका कॉलेजात बारा वर्षं कम्प्युटर लॅब सांभाळली. पद लॅब असिस्टंटचं, काम पडेल ते. त्यामुळे उत्तर द्यायचा हक्क आहे असं समजतो. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही जे सहज लिहून गेलात ना, 'भाषेचा प्रश्न येणार नाही, आता सगळं युनिकोडच आहे', तिथं माझं डोकं सटकलं. (युनिकोड म्हणजे सगळ्या भाषांची अक्षरं कम्प्युटरात साठवायची एकच पद्धत.)

आधी तुमचं उरकतो. पहिलं काम विद्यार्थ्यांची यादी. लॉगिन विद्यापीठाच्या रजिस्टर नंबरावर ठेवा, मोबाइल नंबरावर अजिबात नको. आमच्याकडं चंदगडची पोरं महाराष्ट्राचं सिम घेऊन यायची, इथं आली की दुसरं घालायची, मग ओटीपी कुठल्या कुठं. नावावर तर नकोच, एका वर्गात चार एस. पाटील असतात. व्हिडिओ तास जोडायला एलटीआय नावाचं मानक आहे, १.३ आवृत्ती चालते का ते कंपनीला विचारा, आणि 'चालते' म्हणाले की समोर चालवून दाखवायला लावा. स्वयम्, म्हणजे केंद्र सरकारचे ऑनलाइन कोर्स, यातून बाजूला ठेवा. यूजीसीच्या २०२१च्या नियमांनी एका सेमिस्टरमधले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स तिथून घेता येतात (२०१६च्या नियमांत २० टक्के होते), पण कुठला कोर्स धरायचा हे ॲकॅडेमिक कौन्सिल ठरवणार, तुमचा सर्व्हर नव्हे.

आता भाषेचं.

२०२०. कॉलेज बंद, इंटर्नल परीक्षा मूडलवर. मराठीच्या सरांनी प्रश्नसंच दिला तो वर्डमध्ये, श्रीलिपीत टाइप केलेला, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टात. मूडलमध्ये चिकटवला की नुसती किडामुंगी. चार रात्री बसून सगळा संच मी युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केला. त्यात एक प्रश्न होता: अकोला-अमरावतीकडे बोलल्या जाणाऱ्या मराठीच्या बोलीचं नाव लिहा. उत्तर एका शब्दात, दोन मार्क.

उत्तर वऱ्हाडी. सतरा जणांनी वऱ्हाडीच लिहिलं आणि सतरा जणांना शून्य.

पहिला फोन कणकुंबीच्या एका मुलीचा. जुलैचा पाऊस, रेंज मिळावी म्हणून शाळेच्या पडवीत उभी राहून तिनं पेपर दिलेला. 'सर, मी बरोबर लिवलंय की, तरी झिरो दाखवूलंय.' मी म्हटलं, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल. (ही माझी चूक. पोरीचं खरं होतं.) संध्याकाळपर्यंत तसेच आणखी आठ फोन.

दुसऱ्या दिवशी गावात बातमी, कॉलेजच्या सिस्टीमला मराठी चालत नाही. बेळगावात असल्या वाक्याचं काय होतं हे मी सांगायला नको. इथं पाटीवरच्या अक्षरांच्या उंचीवरून मोर्चे निघतात. लॉकडाउन असूनही सहा पोरं निवेदन घेऊन गेटवर हजर. ते निवेदनही श्रीलिपीतच टाइप केलेलं होतं, ते सोडा.

रात्री मी दोन उत्तरं नोटपॅडमध्ये शेजारी शेजारी ठेवली, एक माझं, एक त्या मुलीचं. डोळ्याला काडीचा फरक नाही. मग शेवटाकडून एकेक अक्षर पुसत गेलो. माझा शब्द सात बॅकस्पेसमध्ये संपला, तिच्या शब्दाला आठ लागले.

झालं होतं असं. मी इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट दाबून ऱ हे वेगळं अक्षर घेतलं आणि त्याला हलन्त लावला. तिच्या फोननं साधा र घेतला, हलन्त लावला आणि पुढे एक न दिसणारी खूण घातली, झेडडब्ल्यूजे म्हणतात तिला. पडद्यावर दोन्हींचा तोच अर्धा र. युनिकोडमध्ये दोन्ही पद्धती मान्य. मूडल मात्र आतल्या खुणा जुळवतो, आणि त्याच्या लेखी हे दोन वेगळे शब्द. 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'कऱ्हा', सगळीकडं हाच खड्डा आहे.

उपाय पाच मिनिटांचा. प्रश्नाला दुसरं उत्तर जोडायचं, त्यालाही शंभर टक्के गुण द्यायचे आणि रीग्रेड दाबायचं, म्हणजे मूडल सगळे पेपर पुन्हा तपासतो. सतरा जणांचे दोन-दोन मार्क जागेवर आले. त्याच आठवड्यात कन्नडचे सर लॅबमध्ये आले, त्यांच्या पेपरात 'रॅंक' हा शब्द अडला होता. कन्नडमध्ये र ला य जोडून लिहितानाही तीच न दिसणारी खूण लागते. आम्ही दोघं एकाच टेबलावर बसून बॅकस्पेस मोजत होतो. 'मशीनला ना तुमचं कळतं ना आमचं, एन माडोदु री (काय करायचं हो),' म्हणाले आणि चहा मागवला.

इथवर आलेल्याला वाटेल, मिटलं. मिटलं नाही, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथंच आहे. मूडलमधले मार्क दुरुस्त झाले, पण आदल्या दिवशीच ते एक्सेलमध्ये उतरवून परीक्षा विभागाकडं गेले होते. तिथल्या कम्प्युटरवर शून्यच. रीग्रेड मूडलच्या आत होतं, बाहेर गेलेल्या फायलीच्या मागं धावत नाही. मी दुरुस्तीची यादी घेऊन आयटी समितीच्या प्रमुखांकडं गेलो. ते म्हणाले, 'दोन मार्कांसाठी एवढं कशाला? पुढच्या वेळी मराठीला पर्यायी प्रश्नच ठेवा, चारांतला एक निवडायचा.' म्हणजे इंग्रजीच्या पोरानं उत्तर लिहायचं आणि मराठी-कन्नडच्या पोरांनी गोलावर टिक करायची! मी बोललो, तेही बोलले. त्यांना आधीपासून एका कंपनीचं तयार पॅकेज घ्यायचं होतं. मूडल फुकट मिळतो म्हणून तो हलका, हे त्यांचं मत. २००२ पासून जगभर चालतोय, कोड उघडा आहे, म्हणून तर बिघाड कुठं आहे ते एका रात्रीत सापडलं. बंद पेटीत मी काय मोजणार होतो?

तेव्हा जोडणी करताना कंपनीला एवढंच विचारा: इथं बदललेला मार्क तिथं कसा जातो, किती वेळात जातो, आणि कुणाच्या सहीनं? उत्तर मिळालं नाही तर त्या डेमोतला चहा पिऊन घरी या. सॉफ्टवेअर घेण्याआधी मराठीच्या एका प्राध्यापकाला आणि तीन वेगळ्या फोनवाल्या पोरांना बसवून 'वऱ्हाडी' टाइप करून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे.

एक सांगायचं राहिलं. आमची पोरं हजार-अकराशे. तुमच्याकडं संलग्न कॉलेजं धरून लाखभर असतील तर सर्व्हर, बॅकअप, व्हिडिओचा भार यात माझा अनुभव चालणार नाही, दुसऱ्या कुणाला विचारा. आणि हो, पर्यायी प्रश्न सरसकट वाईट असं माझं म्हणणं नाही. मोठ्या परीक्षेत ते लागतात.

आयटी समितीचे ते सर हे वाचत असतील तर, सर, सतरा नावांच्या त्या यादीवर तुमची सही अजून बाकी आहे. झेरॉक्स माझ्याकडं आहे, मूळ कागद तुमच्या डाव्या ड्रॉवरमध्ये.