वाचकांचे प्रश्न : मुंगीचे पाय नेमके कुठून निघतात?

प्रश्न : माझा मुलगा पाचवीत आहे. कीटकांना सहा पाय असतात हे त्याला पाठ आहे. तरीही परवा भिंतीवरच्या कोळ्याला तो बिनदिक्कत कीटक म्हणाला. निरीक्षणाची सवय लागावी म्हणून आणलेला सूक्ष्मदर्शक दोन दिवसांत कपाटावर गेला. काय करावे?
– एक पालक, सातारा

उत्तर : आपला मुलगा पाहत नाही असे नाही. पाहण्याआधीच त्याच्याकडे उत्तर तयार असते, आणि उत्तर तयार असलेल्या गोष्टीकडे आपण मोठी माणसेही निरखून पाहत नाही. सूक्ष्मदर्शक सध्या कपाटावरच राहू द्या; त्यातून काय शोधायचे हे ठाऊक नसलेल्या मुलाला त्यात फक्त अंधूक ठिपके दिसतात.

त्याऐवजी त्याला मुंगीचे चित्र आठवून काढायला सांगा. सहा पाय तो बहुधा बरोबर काढील, पण ते जोडताना अडखळेल. पुष्कळ मुले दोन-दोन पाय शरीराच्या तिन्ही भागांना वाटून टाकतात, तर काही जण सगळे पाय पोटालाच चिकटवतात. मग ओट्यावर साखरेचे दोन दाणे ठेवा, आलेली एखादी मोठी मुंगी काचेच्या बरणीत घ्या आणि हातात साधे भिंग देऊन दुसरे चित्र पाहून काढायला सांगा. सहाही पाय मधल्या भागातूनच निघतात आणि डोक्यावरच्या मिशा कोपरासारख्या वाकलेल्या असतात, हे त्याचे त्यालाच सापडले पाहिजे. आपण सांगितलेत की खेळ संपला. पहिले चित्र मात्र खोडू देऊ नका. दोन्ही चित्रे शेजारी ठेवल्यावर आपण काय गृहीत धरले होते हे त्याला जितके कळते, तितके कोणी रागावून कळत नाही. चित्र देखणे असण्याची गरज नाही. शाळांच्या प्रदर्शनांतली पुस्तकावरून उतरवलेली, रंगवलेली चित्रे पाहिली की मला नेहमी वाटते, मुलाने यात पाहिले काय?

कोळ्याचेही असेच. चूक न सुधारता त्याचे चित्र मुंगीच्या शेजारी काढून घ्या. आठ पाय, शरीराचे दोनच भाग आणि मिशांचा पत्ता नाही, हे तो स्वतःच मोजील.

पुढची पायरी जरा अवघड, पण माझ्या मते सर्वांत मोलाची आहे. मुंग्यांची रांग चालू असताना तिच्या वाटेवरून ओले बोट आडवे फिरवा आणि वहीच्या पानावर दोन रकाने आखून घ्या : ‘दिसले’ आणि ‘वाटले’. ‘मुंग्या पुसलेल्या जागी थबकल्या, मिशा हलवून इकडेतिकडे फिरल्या’ हे पहिल्या रकान्यात जाईल. ‘त्यांना वास येईनासा झाला’ हे दुसऱ्या. हा तर्क बऱ्याच अंशी बरोबर आहे, कारण मुंग्या वाटेवर गंधद्रव्याचा माग सोडतात. तरीही तो डोळ्यांना दिसलेला नाही. कदाचित ओलाव्यामुळेच त्या थांबल्या असतील, असा आक्षेप त्याने घेतला तर कोरड्या बोटाने पुन्हा करून पाहा.

प्रश्न : आमच्या शाळेत प्रयोगशाळा नाही. सहावी-सातवीच्या मुलांसाठी वर्षभर चालणारे एखादे निरीक्षण सुचवावे.
– एक शिक्षक, पुणे जिल्हा

उत्तर : मैदानात मीटरभर लांबीची काठी ओळंब्याने सरळ रोवा आणि आठवड्यातून एकदा, अकरा ते दीड या वेळात, दर दहा मिनिटांनी तिच्या सावलीचे टोक खडूने किंवा खड्याने नोंदवायला सांगा. सावली सर्वांत आखूड केव्हा असते, हे आधी विचाराल तर सगळा वर्ग ‘बारा वाजता’ म्हणेल. खुणा मात्र वेगळे सांगतील : पुण्यात ती वेळ साडेबाराच्या आसपास येते आणि ऋतूनुसार थोडी मागेपुढे सरकते. आपली घड्याळे ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर लावलेली आहेत, पुणे त्याच्या पश्चिमेला सुमारे साडेआठ अंशांवर आहे आणि एका अंशाला चार मिनिटे लागतात. हा हिशेब मुलांनी आपल्या खुणा पाहून विचारल्यावरच फळ्यावर मांडावा.

वर्षाचा बराच काळ ही माध्यान्हीची सावली उत्तरेला पडते. मेच्या मध्याच्या सुमारास एक दिवस काठीची सावली जवळजवळ नाहीशी होते, त्यानंतर ती दक्षिणेला वळते आणि जुलैच्या अखेरीस पुन्हा नाहीशी होऊन उत्तरेला येते. गैरसोय अशी की मे महिन्यात शाळेला सुटी असते आणि जुलैत आभाळ भरलेले असते. म्हणून मेची नोंद मुलांना घरच्या अंगणात करायला सांगावी. ढगाळ दिवशी वहीत ‘ढग’ एवढेच लिहावे. मागच्या आठवड्यावरून अंदाजाने आकडा भरू देऊ नये.