जखमेवर नवीन गुलाबी कातडी आलीये, आता पट्टी काढून मोकळं ठेवू का?

लगेच नको. हे मी पोटरीवर आठ आण्याएवढा डाग घेऊन सांगतेय.

मागच्या वर्षी चुलतभावाच्या बाईकवरून उजव्या बाजूने उतरले (हो, माहितेय, माझीच चूक) आणि सायलेन्सर पोटरीला चिकटला. तीन आठवड्यांत जखम भरत आली, वर कांद्याच्या पापुद्र्यासारखी चकचकीत कातडी धरली. आत्या तेव्हा आमच्याकडेच होती, तिचं एकच पालुपद, हवा लागू दे गं, झाकून ठेवलीस तर कुजेल. ऐकलं तिचं. पट्टी काढली, घट्ट लेगिंग घालून साखरपुड्याला गेले आणि दिवसभर शिवण नेमकी तिथेच घासत राहिली. रात्री बघते तर ओलं लालभडक. घाबरून नुसतं कोरडं गॉज बांधलं आणि सकाळी ऑफिसच्या घाईत खसकन ओढलं, तर जाळीला चिकटून कातडीच निघून आली, डोळ्यांपुढे काजवे चमकले. कोमट पाण्याने भिजवून दोन मिनिटं थांबले असते तर अलगद सुटलं असतं.

वरून बंद दिसली तरी ती कातडी कच्चीच असते. आतली वीण घट्ट व्हायला वर्षभरही लागतं आणि तरी ताकद मूळच्या 80 टक्क्यांच्या आसपासच येते. म्हणून व्हॅसलिनचा पातळ थर, वर न चिकटणारं ड्रेसिंग, सैल सुती कपडे. खाज येणारच, नख लावायचं नाही, वरून हलकं थोपटायचं. डेटॉल, हळद, टूथपेस्ट असले प्रयोग तर अजिबात नकोत.

आणि आत्ये, तू हे वाचणार नाहीस, तरी सांगते, 1962 मध्येच जॉर्ज विंटर नावाच्या संशोधकाने डुकरांवर प्रयोग करून दाखवलंय की झाकून ओलसर ठेवलेली जखम उघडी टाकलेल्या जखमेपेक्षा लवकर कातडी धरते. तेव्हा तू शाळेतही जात नव्हतीस!

बाकी शुगर असेल, पू, वास, ताप असेल किंवा लाली पसरत असेल तर माझं काही ऐकू नका, सरळ डॉक्टर गाठा. कातडी पक्की धरून कुठे ओलं राहिलं नसेल तर पट्टी सुटली तरी चालेल, फक्त मॉइश्चरायझर आणि उन्हात जाताना सनस्क्रीन. मी सनस्क्रीनचा कंटाळा केला म्हणून डाग काळा पडला. परवा आत्याने तो निरखून बघितला आणि म्हणाली, "बघ, बांधून ठेवलंस ना, म्हणून काळं पडलं."