झुडपांतल्या ओढ्यात अपाची ट्राउट: आधी गुडघे टेका, मग रॉड उचला

चार तासांत अकरा फ्लाय (हुकवर बांधलेल्या पिसांच्या नकली माश्या) झाडांना वाहिल्या आणि मासा शून्य, हा तुमचा हिशेब वाचून हसू आलं. माझा पहिला हिशेब याहून वाईट होता, मी रॉडचं टोकही मोडून आलो होतो. तुम्ही विचारलंय, कास्टिंग सुधारायला क्लास लावू का? नका लावू. फिनिक्सच्या बागेत हिरवळीवर चाळीस फूट दोरी फेकायला शिकाल, पण अ‍ॅरिझोनाच्या व्हाइट माउंटन्स डोंगरांत ती फेकायला जागा कुठे आहे? अपाची ट्राउट राहतो ते ओढे बऱ्याच ठिकाणी एका ढांगेत ओलांडता येतात. दोन्ही काठांवर विलो आणि आल्डरची गर्दी, आणि जिथे जंगल जळलंय तिथे काटेरी लोकस्ट. २०११ च्या वॉलो वणव्यात तिथलं पाच लाख एकरांहून जास्त रान जळलं. मोठी झाडं गेली, ऊन खाली आलं आणि झुडपांनी ती जागा घेतली. तुमच्या अकरा फ्लाय तिथेच कुठेतरी लटकत असतील.

तुमची खरी चूक रॉडची नाही. तुम्ही लिहिलंय, ‘काठावर उभा राहिलो की मासे सैरावैरा पळताना दिसायचे.’ सगळं उत्तर त्या वाक्यात आहे. मासा पळताना दिसला, म्हणजे त्याने तुम्हाला आधी पाहिलं. वितभर खोल, आरशासारख्या पाण्यात राहणाऱ्या माशाला बगळा आणि माणूस यांत फरक करत बसायला वेळ नसतो.

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. म्हणून नेहमी खालून वर, त्याच्या पाठीमागून जायचं. डोह दिसला की दहा-बारा फूट अलीकडेच गुडघ्यांवर यायचं आणि दोन मिनिटं नुसतं बघायचं. डोहाच्या शेपटीला, जिथे पाणी उथळ होऊन पुढच्या दगडांवर सांडतं, तिथे बहुतेक वेळा एखादा बोटभर मासा असतो. मी त्याला वॉचमन म्हणतो. तो बिथरला की सरळ वर पळतो आणि डोहातल्या थोरल्यांना खबर देतो. मग त्या डोहात अर्धा तास काही होत नाही, पुढे चला. प्रत्येक डोहात तुम्हाला एक, फार तर दोन संधी. सावली पाण्यावर पडू द्यायची नाही, पांढरी टोपी नको, आणि दगडावर बूट आपटायचा नाही.

आता फेकण्याबद्दल. मागे दोरी नेऊन पुढे टाकायचा प्रकार विसरा. इथे चालतो तो धनुष्यबाण. रॉडच्या टोकाबाहेर साधारण रॉडएवढीच दोरी आणि लीडर (दोरीच्या टोकाचा बारीक, न दिसणारा धागा) ठेवा. उजव्या हाताच्या तर्जनीने दोरी मुठीवर घट्ट दाबून धरा. डाव्या हाताच्या चिमटीत फ्लाय, पण हुक पाठीच्या बाकावर धरायचा, टोक बोटांपासून बाहेर. रॉड फांद्यांच्या फटीतून पुढे रोखा, फ्लाय कमरेपाशी मागे ओढा, रॉड वाकेल. हव्या त्या जागेच्या जरा वर नेम धरा आणि चिमूट सोडा. दोरी सुटते आणि फ्लाय फांदीखालून जाऊन टपकते. हुक चुकीचा धरलात तर पहिला मासा म्हणून तुमचाच अंगठा सापडेल, मला सापडलाय. हा सराव घरच्या बाल्कनीत होतो, हुक पक्कडीने तोडून.

अगदी कोंडलेल्या जागी तेही नको. रॉड झुडपातून सरकवायचा आणि फ्लाय नुसती पाण्यावर टेकवायची. लहानपणी कोकणात वहाळावर गरी घेऊन बसलेल्या कुणालाही हे शिकवावं लागत नाही, फक्त गांडुळाऐवजी पिसांची माशी. (मासा आणि माशी हे मराठीत नवरा-बायको वाटतात, पण इथे तो तिला खायला येतो.)

मासा लागला की हात वर झटकू नका, वर छप्पर आहे. रॉड आडवा, पाण्याला समांतर ओढा. निम्म्या फ्लाय फेकताना नाही, या झटक्यात जातात.

सामान थोडक्यात: सात फुटी, तीन वजनाचा (म्हणजे हलक्या दोरीचा) रॉड मला पुरतो. लीडरही सात फुटांच्या आत. फ्लायवर फार डोकं खपवू नका. १४ नंबरची एल्क हेअर कॅडिस ही तरंगती फ्लाय, उन्हाळ्याच्या शेवटी मुंगीची नाहीतर टोळाची नक्कल, बस. इथल्या पाण्यात खाणं कमी, मासा चिकित्सा करत नाही. टेनकाराचं, म्हणजे रीळ नसलेल्या जपानी रॉडचं, वेड सध्या बरंच आहे, माझ्या मते तो लांबलचक रॉड या झाडीत नुसता छळ.

मासा ओळखायला शिका, हे मी सगळ्यात महत्त्वाचं मानतो. अपाची सोनेरी पिवळा, अंगावर ठसठशीत काळे ठिपके, आणि बुबुळाच्या दोन्ही बाजूंना काळा ठिपका, त्यामुळे डोळ्यावर पट्टी बांधल्यासारखा दिसतो. लाल ठिपक्यांभोवती फिकट कडं असेल तर तो ब्राउन ट्राउट, बाहेरून आणून सोडलेला, अपाचीची पिल्लं खाणारा. रेनबो ट्राउट त्याहून घातक, तो अपाचीशी संकर करतो आणि अस्सल बीज संपवतो. इथल्या मूळनिवासी व्हाइट माउंटन अपाची लोकांनी १९५० च्या दशकातच आपल्या ओढ्यांवर मासेमारी बंद केली, म्हणून हा मासा वाचला. १९६७ साली तो धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत गेला. त्याला शास्त्रीय नाव मिळालं ते १९७२ मध्ये, म्हणजे बारशाआधीच आयसीयू. ओढ्यांत बांध घालून, परके मासे काढून काढून अखेर २०२४ मध्ये तो यादीतून बाहेर आला. तेव्हा ब्राउन मिळाला आणि तिथल्या नियमात बसत असेल तर खुशाल घरी नेऊन तिखलं करा. अपाची मात्र हात ओले करून, पाण्यातच, बार्बलेस (उलटा काटा नसलेल्या) हुकवरून सोडायचा. फोटोसाठी मी तरी त्याला दगडावर ठेवत नाही. थर्मामीटर खिशात ठेवा, पाणी २० अंशांच्या वर गेलं की थांबा. अशा पाण्यात दमलेला मासा पोहत गेला तरी नंतर मरतो.

परवाना: अपाची रिझर्व्हेशनच्या, म्हणजे त्या लोकांच्या राखीव जमिनीच्या, हद्दीत राज्याचा परवाना चालत नाही, त्यांचा वेगळा घ्यावा लागतो. माउंट बाल्डीचं शिखर त्यांना पवित्र आहे, तिकडे जायचंच नाही.

जून टाळा, पाणी कमी आणि कोमट. जुलै-ऑगस्टच्या पावसाला इथेही मान्सूनच म्हणतात, पण त्याला आपल्या पावसासारखी रिपरिप माहीत नाही. एका ऑगस्टमध्ये माझ्या डोक्यावर निळं आकाश होतं. आधी पाण्यावरून पाइनच्या सुया वाहत आल्या, मग पाणी दुधाच्या चहासारखं झालं. मी रॉड टाकून काठ चढलो. दहा मिनिटांत, मी गुडघे टेकले होते तिथे छातीएवढं काळं पाणी होतं, जळक्या रानाची राख घेऊन. सुया दिसल्या की निघायचं, मासा लागलेला असला तरी.

सुरुवातीला ग्रीअर गावाजवळ शीप्स क्रॉसिंगला जा. तिथे लिटल कोलोरॅडो नदीच्या पश्चिम फाट्यात अपाची सोडतात. माझा ओढा कुठला ते विचारलंत, ते इथे सांगणार नाही, राग मानू नका. पण ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी पहाटे तीनला मी फिनिक्सजवळच्या मेसाहून निघतोय, गाडीत एक जागा आहे. तुमचा नऊ फुटी रॉड आणू नका. गुडघ्याला पट्टे मात्र आणा, फरशी बसवणारे लावतात तसले.