मोहोरावरची फवारणी, सातेरीच्या पेट्या आणि ताटातला मध : शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे

आंबा-काजूच्या मोहोराचा हंगाम तोंडावर आला की मधमाशीपालनाविषयीचे प्रश्न वाढतात. देवगड, राजापूर आणि श्रीवर्धन भागांतून वारंवार विचारल्या जाणाऱ्या काही प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : देशात मधाचे उत्पादन वाढते आहे आणि मध पौष्टिकही असतो. मग विक्रीसाठी व घरच्या आहारासाठी बागेत मधपेट्या ठेवाव्यात का?

उत्तर : पेट्या अवश्य ठेवाव्यात, मात्र मधाच्या आशेने नव्हे. उत्पादन वाढले आहे हे खरे आहे. 2013-14 मध्ये देशात 76,150 टन मध निघाला होता, 2019-20 मध्ये तो 1,20,000 टनांवर गेला आणि 2022-23 मध्ये सुमारे 1 लाख 42 हजार टन झाला. त्याच 2022-23 मध्ये जवळपास 80 हजार टन मध निर्यात झाला. जो उरला तो 140 कोटी लोकांत वाटला तर माणशी वर्षाला ढोबळमानाने 45 ग्रॅम येतो, म्हणजे जेमतेम दोन मोठे चमचे. 100 ग्रॅम मधातून सुमारे 300 किलोकॅलरी मिळतात. त्या हिशेबाने वर्षभराच्या मधातून माणसाला एका तांदळाच्या भाकरीइतकीही ऊर्जा मिळत नाही. मधात ऐंशी टक्क्यांच्या आसपास साखरच असते, प्रथिने अर्धा टक्कासुद्धा नसतात आणि जीवनसत्त्वे व खनिजे नाममात्र असतात. त्यामुळे मुलांच्या पोषणासाठी मधाच्या बाटलीवर पैसे खर्च करण्यापेक्षा अंडी, डाळी आणि मासळीवर करावेत. एक वर्षाच्या आतील बाळाला तर मध अजिबात चाटवू नये. मधातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला बॉट्युलिझम हा जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो, आणि मध घरचा व शुद्ध असला तरी हा धोका टळत नाही. मधुमेहींनीही मधाला साखरच समजावे.

मधमाशीचे आपल्या ताटातले खरे देणे परागीभवनाचे आहे. कलिंगड, काकडी, कारली आणि लाल भोपळा यांच्या वेलांवर नर व मादी फुले वेगवेगळी येतात, आणि कीटकांनी पराग नेला नाही तर फळ धरत नाही किंवा वाकडेतिकडे धरते. काजूच्या मोहोरातही नर फुले पुष्कळ आणि फळ देणारी द्विलिंगी फुले थोडी असल्यामुळे परागाची ने-आण महत्त्वाची ठरते. आंब्यावर मधमाशांबरोबर इतर माश्या आणि पोयाच्या माश्याही (डंख नसलेल्या लहान मधमाश्या) काम करतात. हापूसच्या फोडीतले अ जीवनसत्त्व आणि काजूगरातील स्निग्धांश व प्रथिने यांच्यामागे या कीटकांची मेहनत आहे, आणि मधाच्या आकडेवारीत ती कोठेही दिसत नाही.

प्रश्न : आंब्यावर तुडतुडे (मोहोराचा रस शोषणारे किडे) फार आहेत. दुकानदाराने दोन कीटकनाशके, बुरशीनाशक व टॉनिक एकत्र करून फुललेल्या मोहोरावर मारण्यास सांगितले आहे. पेट्या बागेतच आहेत. काय करावे?

उत्तर : मोहोर फुललेला असताना कीटकनाशक फवारू नका. दुकानदाराचा फायदा बाटल्या खपण्यात आहे, तुमचा फळधारणेत आहे. अशा मिश्रणांनी मोहोर तजेलदार दिसतो, पण पुढे वाटाण्याएवढी फळे लागायची ती लागत नाहीत आणि दोष हवामानावर जातो. हे मी अनेक बागांत पाहिले आहे. तुडतुड्यांचा बंदोबस्त पालवीवर आणि बोंगे (मोहोराचे कोंब) फुटताना, म्हणजे फुले उमलण्यापूर्वी करावयाचा असतो. त्यातून काही राहिलेच तर फळधारणा झाल्यावर पाहावे. दाट कलमांची विरळणी करून फांद्यांत ऊन व वारा खेळू दिला तर तुडतुडे मुळातच कमी राहतात, परंतु हा सल्ला दुकानात मिळणार नाही, कारण त्यात विकण्यासारखे काही नाही.

मात्रेबद्दलही तितकेच स्पष्ट सांगतो. इमिडाक्लोप्रिड 17.8 टक्के हे तुडतुड्यांवरचे कीटकनाशक 10 लिटर पाण्याला 3 मिली एवढेच घ्यावयाचे आहे. "यंदा कीड जोरात आहे, दुप्पट टाका" असे कोणी सांगितले तर ऐकू नका. जास्त मात्रेने कोळी व इतर मित्रकीटक मरतात आणि मागाहून फुलकिडे उसळतात. हे औषध झाडाच्या रसात भिनते व मकरंदात उतरते, त्यामुळे फुललेल्या मोहोरावर ते संध्याकाळी मारले म्हणून मधमाशी वाचेल असे समजू नये. शेजाऱ्याच्या बागेत फवारणी असेल तर आदल्या रात्री, सर्व माश्या परतल्यावर, पेटीचे दार जाळीने बंद करावे, हवा खेळती ठेवावी आणि काम उरकताच दार उघडावे. पुन्हा सांगतो : फुललेल्या मोहोरावर कीटकनाशक नको, कोणाच्याही सांगण्यावरून नको.

प्रश्न : एका विक्रेत्याने मेलिफेरा या परदेशी मधमाशीच्या पेट्या देऊ केल्या असून सातेरी या आपल्या देशी मधमाशीपेक्षा अनेक पट मध मिळेल असे तो म्हणतो. पावसात साखरेचा पाक व अळ्यांच्या रोगावर प्रतिजैविकही तोच देणार आहे.

उत्तर : घेऊ नका. मेलिफेराला फुलोरा सलग आणि भरपूर लागतो, त्यासाठी पेट्या गावोगाव हलवाव्या लागतात, आणि कोकणातील चार महिन्यांच्या पावसात ती वसाहत पोसणे लहान बागायतदाराला परवडत नाही. सातेरी इथलीच आहे. ती मध कमी देते, पण नारळ, जांभूळ आणि रानातल्या झुडपांवर तग धरते. माझा आग्रह सातेरीचाच राहील. अळ्यांच्या थायी सॅकब्रूड रोगाने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण भारतातील सातेरीच्या वसाहती मोठ्या प्रमाणात संपवल्या. हा रोग विषाणूमुळे होतो आणि विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही. उलट प्रतिजैविकाचा अंश मधात उतरतो व माल नाकारला जातो. रोगट वसाहत वेगळी करावी, चौकटींची अदलाबदल थांबवावी आणि जोमदार वसाहतीपासूनच नव्या वसाहती वाढवाव्यात.

साखरेचा पाक फक्त पावसाळ्यातील टंचाईत, मधकोठी (पेटीचा मध साठवण्याचा वरचा कप्पा) काढून ठेवल्यावर द्यावा. फुलोऱ्यात पाक देऊन काढलेला माल मध म्हणून विकणे ही भेसळच आहे. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने डिसेंबर 2020 मध्ये जाहीर केलेल्या तपासणीत 13 पैकी 10 ब्रँडचा मध शुद्धतेच्या कसोट्यांत नापास झाला होता. अशा बाजारात ओळखीच्या गिऱ्हाईकाचा विश्वास हेच लहान मधपाळाचे भांडवल आहे, ते पाकात बुडवू नका.

प्रश्न : मध बाटलीत फसफसतो. विक्रेता उकळून घेण्यास सांगतो.

उत्तर : उकळू नका. घाईने कच्चा मध काढल्यामुळे हे होते. आपल्या दमट हवेत पाण्याचा अंश सहज वाढतो, आणि अन्नसुरक्षा मानकांप्रमाणे तो 20 टक्क्यांच्या आत हवा. ज्या चौकटीतील बहुतेक घरे माश्यांनी मेणाने बंद केली आहेत तीच, फक्त वरच्या मधकोठीतील, मधयंत्रात फिरवावी. पिल्लांच्या कोठीतील मध माश्यांचा असतो. मेच्या मध्यानंतर काढणी थांबवावी, म्हणजे पावसापुरता साठा त्यांच्याकडे राहील.

योजनेबाबत थोडक्यात : राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मध केंद्र योजनेत 50 टक्के अनुदान व प्रशिक्षण मिळते, जिल्हा कार्यालयात अर्ज करावा. प्रशिक्षण आधी घ्यावे, पेट्या नंतर. सुरुवात दोन पेट्यांनी, सावलीत करावी. स्टँडच्या पायांखाली मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात, आणि पहिल्या हंगामात मधापेक्षा वसाहत पावसाळा पार करते की नाही याकडे लक्ष द्यावे.